पेन्सिलीचे सहा ठिपके

बुधवार, ११ सप्टेंबर
दुपारी दोन, कामावरून

प्रिय बारके,

खूप दिवसांत पत्र नाही, माफ कर. हे वाक्य लिहिलं आणि लगेच खोडावंसं वाटलं, कारण 'खूप दिवस' म्हणजे चौदा महिने. पहिले दोन महिने मी फोन करत होते, तू उचलत नव्हतीस. मग मीही सोडून दिलं आणि स्वतःची समजूत घातली की तुझा राग निवायला अवधी हवा. अवधी वगैरे काही नाही. मला सोयीचं होतं, एवढंच.

आई उद्या सकाळी सातच्या बसनं तुझ्याकडे निघतेय. हे पत्र तिच्या पिशवीत घालणार आहे. "मी काय दोघींचं टपालखातं आहे का?" असं म्हणून झालंय तिचं. "लहानपणी भांडायला आई लागत नव्हती, आता बोलायला लागते." तिला आधी बसू दे, पाणी दे आणि मग वाच. तिच्यासमोर वाचू नकोस. ती तुझ्या चेहऱ्यावरून सगळं वाचेल आणि उलट्या बसनं मला झापायला येईल.

तुझी भिंगरी, माझी भाची, कशी आहे असं मी विचारत नाही. ती कशी आहे ते मला तुला न विचारता कळलंय, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. पण तिथवर यायला मला जरा वेळ लागेल. तू ओळखतेस मला. मी दारात आले तरी आधी पायपुसणं सरळ करत बसते.

इकडे सगळं तसंच आहे, म्हणजे वैताग तसाच आहे. लहान मुलांचं लक्ष, बोलणं, आठवण, हातांची हालचाल तपासायची आणि कुठे काय अडलंय ते शोधायचं, हे आमच्या विभागाचं काम. ते काम सोडून बाकी सगळं आम्ही करतो. यादीत नाव घातल्यापासून नंबर लागायला सहा महिने. दोन वर्षांच्या मुलाला सहा महिने थांबा म्हणणं म्हणजे त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा थांबा म्हणणं, असं मी वरच्या कचेरीला तीनदा लेखी कळवलं. तिसऱ्या खेपेला उत्तर आलं: 'पत्र विहित नमुन्यात नाही.'

चाचणीच्या पेटीतल्या बारा ठोकळ्यांपैकी एक गेल्या हिवाळ्यात हरवला. मागणीपत्रावर चार सह्या लागतात, तिसरी सही करणारे निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. आमच्या मावशी, म्हणजे लादी पुसण्यापासून मुलांची नाकं पुसण्यापर्यंत सगळं बघणाऱ्या, त्यांनी एक मोठं खोडरबर कापून, लाल रंगवून पेटीत ठेवलं. "घ्या. बारा झाले," म्हणाल्या. तीन वर्षांची मुलं ते बरोबर ओळखतात आणि बाजूला काढून ठेवतात. त्याला गुण नाहीत. असायला हवेत.

गुडघ्यांचं विचारशील तर गुडघे गेले. वीस वर्षं छोट्या खुर्च्यांवर बसून बसून मी स्वतःच घडीची खुर्ची झालेय.

आणि आज सकाळी एक आजोबा आले.

नातू चार वर्षांचा, बोलण्यात मागे. त्याची आई नोकरीवर, म्हणून आजोबा. आमच्या व्हरांड्यात यांनी तासभर त्याची तयारी करून घेतली. कोणीतरी यांना आधीच सांगितलं होतं आत काय विचारतात ते. दारातून मला ऐकू येत होतं: "मोठा कुठला? तो नव्हे रे! हा! शाब्बास!" आत आल्यावर मी त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि नेहमीचं सांगितलं, की बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. ते बोलले नाहीत. खोकले. पोराचा हात चुकीच्या चित्राकडे गेला की खोकला. बरोबर चित्राकडे गेला की घसा एकदम साफ.

चौथ्या खोकल्याला माझं डोकं उठलं. मुलाला मावशींकडे दिलं आणि म्हटलं, "आजोबा, तुम्ही मदत केलीत की मला मूल दिसत नाही. तुम्ही दिसता."

"मग काय बिघडलं? पोरगं माझंच आहे."

"अहो, त्याला कुठे अडतंय ते मला शोधायचंय. तुम्ही ती जागा झाकताय."

"झाकणारच," म्हणाले. "बाई, माझ्या नातवाच्या कागदावर 'मागे' असं तुम्ही लिहिणार आणि मी बघत बसू?"

"तुम्ही झाकलंत म्हणून ते जाणार आहे का? वर्षभरानं येईल, दुप्पट होऊन. तेव्हा कोण खोकणार?" मी बरंच बोलले. आवाज चढला. मावशी दारातून डोकावून गेल्या.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "तुमचं कोणी त्या खुर्चीत बसलेलं नसतं ना, म्हणून जमतं तुम्हाला."

बारके, मी तो नातू उद्यावर ढकलला. दुपारची मुलगी तापामुळे आली नाही. म्हणून ही खोली रिकामी आहे आणि मी त्याच छोट्या खुर्चीवर बसून तुला लिहितेय.

आता मुद्द्यावर येते.

सोमवारी आमच्या विभागात तुमच्या मेंदूच्या डॉक्टरांचं पत्र आलं. विषय: भिंगरी. ते माझ्याच टेबलावर यावं असं काही नव्हतं, पण आमच्याकडे टपाल जो पहिला दिसेल त्याच्या टेबलावर ठेवतात. तिला झटके येतात, साधे, एकटक बघत राहिल्यासारखे, सहा महिने औषध चालू आहे, हे मला आईकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. पुढचं नवीन होतं. डॉक्टर लिहितात: अलीकडे मूल शब्द आठवायला वेळ लावतं, सांगितलेलं विसरतं. औषध सुरू होण्यापूर्वी आपल्याकडे झालेल्या चाचणीत ते वयाप्रमाणे पूर्ण सामान्य होतं. त्या अर्थी ही मंदगती औषधामुळे असावी, आणि औषध निम्म्यावर आणण्याचा विचार आहे. शुक्रवारी भेट आहे, त्याआधी मूळ गुणपत्रिका पाठवावी.

म्हणजे सगळा विचार मी लिहिलेल्या त्या चाचणीच्या अहवालावर उभा आहे. 'औषधाआधी ती ठीक होती', हे त्यांना कोणी सांगितलं? मी सांगितलं.

मी फाइल काढली. अहवाल पाहिला. बेरजा बरोबर आहेत.

मावशी चहा घेऊन आल्यात. दहा मिनिटांनी लिहिते.

—

अडीच वाजले

बेरजा बरोबर आहेत असं लिहिलं. खरंच आहेत. मी बेरजेत कधी चुकत नाही.

तिच्या चाचणीचा तो दिवस तुला आठवत असेलच. तुझं म्हणणं एकच होतं: "ताई, ही मधेच अडकते." मी विचारलं, अडकते म्हणजे? तू म्हणालीस, "म्हणजे अडकते गं. जिना चढता चढता, घास घेता घेता. हाक मारली तर नसतेच तिथे. मग परत येते." तुझ्या सासूबाई म्हणायच्या, पोर विचारी आहे. भिंगरीचे बाबा म्हणायचे, तू तिच्याकडे फार बघतेस. तू माझ्याकडे आलीस कारण मी या कामातली, आणि मी तुझी ताई. मी यादी डावलून तुझा नंबर लावला. नात्यातलं मूल आपण तपासायचं नसतं, हा आमचा नियम. मी म्हटलं, कोणाला कळतंय, आणि माझ्याइतकं नीट कोण बघणार आहे?

तुला आरशाच्या काचेमागे बसवलं, जिथून आतलं दिसतं पण आतून बाहेरचं दिसत नाही.

आमच्या काही चाचण्या वेळेच्या असतात. मणी ओवणं, खुंट्या भोकांत बसवणं, चित्रांच्या जोड्या लावणं. त्यात एक नियम सगळ्यांत आधी शिकवतात: घड्याळ थांबवायचं नाही. मूल शिंकलं, उठलं, रडलं, तरी नाही. थांबवावंच लागलं तर ती चाचणी रद्द, आणि का थांबवलं ते लिहायचं. मी हा नियम नव्या मुलींना शिकवते. त्यांना दम भरते.

भिंगरी मणी ओवत होती. चौथा मणी दोऱ्याच्या टोकाशी आणला आणि ती थांबली.

मी घड्याळ थांबवलं.

ती परत सुरू झाली. मी घड्याळ सुरू केलं.

तेवढ्यात काच वाजली. तू काचेवर टकटक करत होतीस. आवाज अर्धवट येत होता, पण शब्द कळले मला: "आत्ता! ताई, आत्ता बघ, अडकली!" मी काचेकडे हात करून 'गप्प बस' अशी खूण केली. पुढे खुंट्यांच्या वेळी दोनदा झालं, जोड्यांच्या वेळी तीनदा. दर वेळी मी अंगठ्यानं घड्याळ थांबवलं. मला वाटलं... नाही, काय वाटलं ते नीट लिहिते, निदान आता तरी. मला वाटलं, लेकरू दमलंय, त्या पाच-सात सेकंदांची शिक्षा तिला कशाला? जेवढा वेळ ती खरी काम करतेय तेवढाच मोजू.

ते सेकंद काढून टाकल्यावर तिची वेळ वयाप्रमाणे आली. येणारच. जे अडत होतं तेच मी मोजमापातून काढून टाकलं होतं. आजोबा खोकून झाकत होते, मी अंगठ्यानं झाकलं.

आणि वर अहवालात लिहिलं: 'चाचणीदरम्यान मातेने काचेवर आवाज करून व्यत्यय आणला.'

हे सगळं मला आज सुचलंय असं तुला वाटायला नको. कच्च्या कागदावर, वेळेच्या रकान्याशेजारी, पेन्सिलीचे सहा ठिपके आहेत. घड्याळ थांबवलं की ठिपका द्यायचा ही माझी जुनी सवय. पक्की प्रत करताना ते उतरवले नाहीत. पुसलेही नाहीत. हे काय होतं, विसरणं की वेड पांघरणं, असं मी सोमवारपासून स्वतःला विचारतेय. उत्तर डायरीत निघालं. मी रोज लिहिते, तुला माहीत आहे, तू चिडवायचीस. त्या तारखेला असं आहे:

'भिंगरीची चाचणी घेतली. सहा वेळा थांबली, दर वेळी पाच-सात सेकंद. पापण्या फडफडल्या. नावानं हाक मारली, ऐकली नाही. मग जिथे होती तिथून पुढे सुरू. दमली असेल. बारकी काचेमागून उगाच घाबरत होती.'

पापण्या फडफडल्या. हाक ऐकली नाही. बारके, दुसऱ्या कोणाच्या मुलाबद्दल हे लिहिलं असतं तर पुढचं वाक्य 'ताबडतोब मेंदूचा आलेख काढून घ्यावा' असं आलं असतं. वीस वर्षांत ते वाक्य मी दोनशे वेळा तरी लिहिलं असेल. तुझ्या मुलीच्या वाटेला 'दमली असेल' आलं.

अजून एक राहिलं. ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

अहवालाचं शेवटचं वाक्य. 'आईची चिंता वाजवीपेक्षा जास्त असल्याचे दिसते.' ते कोणी विचारलं नव्हतं. नमुन्यात तसा रकानासुद्धा नाही. भिंगरीच्या प्रेमापोटी घड्याळ थांबवलं असं मी म्हणू शकते, थोडंफार खरंही आहे. पण ते वाक्य प्रेमापोटी नव्हतं. लहानपणापासून तुला सगळं आधी दिसायचं. बाबांची तब्येत, माझं लग्न मोडणार हे, शेजारच्यांचं घर विकायला निघणं. तू बोलायचीस, मी 'काहीतरीच' म्हणायचे, आणि दर वेळी तुझं खरं व्हायचं. त्या दिवशी विषय माझा होता, खोली माझी होती, आणि तुझं खोटं ठरवायची सोय माझ्या हातात होती. ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं.

आईनं पुढचं सांगितलंय. भिंगरीच्या बाबांनी तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला होता, आणि तू काही म्हणालीस की त्याकडे बोट दाखवायचे: "तुझ्या बहिणीनंच लिहिलंय." आठ महिने. तुम्ही डॉक्टरांकडे जाईपर्यंत. मधे तूही मानलंस. एकदा तिच्या हातातून दुधाचा पेला सांडला, ती नुसती बघत राहिली, आणि नाटकं करतेस का म्हणून तू तिला चापट मारलीस. आईनं हे सांगितलं तेव्हा ती रडत होती. मी म्हटलं, 'हं.' फक्त 'हं' म्हटलं मी.

ती चापट तुझ्या खात्यावर ठेवू नकोस. मी तुला डोळे मिटायला लावले होते.

बस. आता मोठ्या मॅडमकडे जाऊन येते. त्यांच्या सहीनं तो अहवाल गेला होता. लिहिता लिहिता धीर आलाय, तो ओसरायच्या आत जाते.

—

पावणेपाच

जाऊन आले.

मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. वाईट नाहीत, थकलेल्या आहेत. टेबलावर फायलींचे दोन मनोरे, मधल्या फटीतून त्या दिसतात. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"तू सख्ख्या भाचीची चाचणी घेतलीस?"

"हो."

"आणि मी सही केली?"

"हो."

"वाचलं नव्हतं मी?"

"तुम्ही फोनवर होतात. मी बोट ठेवलं तिथे केलीत."

त्यांनी चष्मा काढला. "इतके दिवस बरी गप्प होतीस गं. आता कसलं उकरून काढतेस? मूल चांगल्या हातात आहे ना?"

"मॅडम, ते चांगले हात माझ्या खोट्या कागदावर चाललेत. शुक्रवारी औषध निम्म्यावर येईल."

"खोटा म्हणू नकोस. खोटा हा फार मोठा शब्द आहे."

"मग लहान शब्द सुचवा."

नको होतं असं बोलायला. पण मी एव्हाना सगळ्यांवरच वैतागले होते, स्वतःपासून सुरुवात करून. मॅडमनी फायलीची नाडी बोटाला गुंडाळली. मग म्हणाल्या, "हे बघ. अहवाल मागे घ्यायची पद्धत आहे. समितीपुढे अर्ज ठेवायचा. पुढची बैठक तीन आठवड्यांनी आहे. तोवर कोणाला काही कळवायचं नाही. संस्थेचं नाव आहे. इथून गेलेल्या प्रत्येक अहवालावर लोक उद्या बोट ठेवतील, आणि ती सगळी मुलं काही तुझ्या भाच्या नाहीत."

हे शेवटचं त्यांचं खोटं नाही. त्याचाही विचार करते आहे. इतर कोणासाठी मी घड्याळ थांबवलं का? नाही, असं मन म्हणतं. पण माझ्या मनाचं प्रमाणपत्र आता कोण धरणार? जुने कच्चे कागद काढून बघावे लागतील, सगळे. ते मी करीन.

"आणि शुक्रवारचं काय?" मी विचारलं.

"त्यांनी मूळ गुणपत्रिका मागितली होती ना? ती अजून गेली नाही, असं कळव. उशीर आपल्याकडे नेहमीच होतो. कोणाला आश्चर्य वाटणार नाही."

इथे मला ते सांगावं लागलं, जे तुला वर सांगायचं टाळलं होतं.

गुणपत्रिका गेली आहे, बारके. सोमवारीच गेली. मी पाठवली. फाइल काढली, कच्चा कागद पाहिला, सहाही ठिपके मोजले, कच्चा कागद परत आत ठेवला आणि स्वच्छ प्रत पाठवून दिली. डायरी नंतर, घरी आल्यावर उघडली. म्हणजे चौदा महिन्यांपूर्वी दमलेल्या मुलीची दया आली असं म्हणता येतं. परवा समोर मूलही नव्हतं. फक्त कागद होता आणि मी होते, आणि मी तेच केलं.

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. दोन्ही मनोऱ्यांमधून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जा आता. आणि बैठक होईपर्यंत गप्प राहा. हे मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय."

बाहेर मावशी लादी पुसत होत्या. "पाय वर घ्या," म्हणाल्या. मी व्हरांड्याच्या बाकावर पाय वर घेऊन बसले. "ओरडल्या का?"

"नाही हो."

"मग अवघड आहे," म्हणाल्या आणि बादली पुढे सरकवली.

—

संध्याकाळचे सहा, घरून

आई पिशवी भरतेय. भिंगरीसाठी दोन विणलेले स्वेटर, एक नक्की मोठा होणार आहे, "वाढेल की" म्हणते. मधेमधे येऊन विचारते, "झालं का तुझं पुराण?"

कामावरून निघायच्या आधी मी तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. फोन उचलणारी मुलगी नाकातून बोलणारी. डॉक्टर बाहेरगावी आहेत, रात्री येतील, कोणाचेही फोन घेत नाहीत. सकाळी आठ ते साडेआठ स्वतः घेतात, ते फक्त तातडीचे असतील तर.

"तातडीचं आहे."

"पेशंटचं नाव?"

सांगितलं.

"तुम्ही पेशंटच्या कोण?"

आता बघ, चौदा महिन्यांपूर्वी हाच प्रश्न मला कोणी विचारला असता तर किती बरं झालं असतं. "मावशी," म्हटलं. "आणि चाचणी घेणारी."

"दोन्ही कसं?" म्हणाली ती. अगदी सरळपणे विचारलं तिनं. मी म्हटलं, सकाळी आठला फोन करते.

मॅडमनी गप्प राहायला सांगितलंय, आणि मी सकाळी फोन केला तर त्यांना ते कळायला एक दिवससुद्धा लागणार नाही. मला कामावरून काढतील, बदली करतील, का नुसतं कपाटांपाशी बसवून जुने कागद लावायला लावतील, माहीत नाही. भीती वाटतेय. पण ती भीती तुझ्या गळ्यात मारायला हे पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा ती इथेच सोड.

कच्चा कागद संस्थेचा आहे, तो मी चोरून आणला नाही. तो मागायचा अधिकार डॉक्टरांना आहे, आणि तो मागा असं मी त्यांना सांगीन. डायरी मात्र माझी आहे. त्यातलं त्या दिवसाचं पान या पत्राला टाचलंय. वीस वर्षांत फाडलेलं हे पहिलंच पान. शुक्रवारी डॉक्टरांना दाखव. तारीख आहे, सेकंद आहेत, पापण्यांचं आहे.

एक गोष्ट नीट समजून घे, कारण मी पुन्हा जास्तीचं बोलायला नको. औषध कमी करावं की करू नये, हे मला कळत नाही. कळतं असा आव मी आता आणणार नाही. कदाचित औषधानंच ती मंद झाली असेल. कदाचित झटके दबलेत, पण पुरते नाहीत, आणि निम्म्या औषधावर ते उसळून येतील. मला एवढंच माहीत आहे की औषधाच्या आधीपासून ती अडकत होती, दर चार-पाच मिनिटांनी, भर दुपारी, माझ्यासमोर. ते तू पाहिलंस. तू काच वाजवलीस. त्या खोलीत बरोबर बघणारी एकच बाई होती आणि ती काचेच्या पलीकडे होती.

शुक्रवारी डॉक्टरांसमोर बसशील तेव्हा 'मला वाटतं' असं म्हणू नकोस. 'मी पाहिलं' असं म्हण. भिंगरीच्या बाबांनाही हे पत्र वाचायला दे, आधी कपाटावरचा तो कागद काढायला सांग, मग वाचायला दे.

मला माफ कर असं लिहिणार होते. वर पहिल्याच ओळीत लिहिलंयही, पत्र न लिहिल्याबद्दल. ते सोपं होतं म्हणून आधी लिहिलं. खऱ्या गोष्टीची माफी तुझ्याकडे मागायची की भिंगरीकडे, ते मला ठरवता येत नाही. तिला कळण्याइतकी ती मोठी होईल तेव्हा, तू येऊ दिलंस तर, मी तिच्याकडे मागेन. तू फोन उचलू नकोस. उचलावासा वाटला तरी शुक्रवार होऊ दे. त्याआधी माझ्याशी बोललीस तर मी पुन्हा तुला काहीतरी समजावायला लागेन.

आई हात पुढे करून उभी आहे.

तुझी चुकलेली,
ताई

उद्या, सकाळी आठ, मॅडम येण्याच्या आधी: डॉक्टरांना फोन. पहिलं वाक्य, 'तो अहवाल मी लिहिला आहे आणि तो धरू नका.'